घरातल्या भांडणाचा कॉल आणि दारात उभा पोलीस

रात्री ११२ वर ‘घरगुती वाद’ अशी नोंद होऊन आलेला कॉल बीट मार्शलना नकोसा असतो. चोरीच्या ठिकाणी चोर पळालेला असतो, अपघातात काय करायचे ते अंगवळणी पडलेले असते. इथे मात्र दार उघडल्यावर काय पुढे येईल याचा नेम नसतो. फोन करणारी बाई ‘काही नाही साहेब, चुकून लागला’ म्हणेल, नवरा हात जोडेल, सासू पोलिसांवरच ओरडेल, किंवा कोणीतरी एकदम स्वयंपाकघराकडे धावेल. मग जे सोपे असते ते होते. दोघांना समज द्यायची, ‘सकाळी ठाण्यात या’ म्हणायचे आणि पुढच्या कॉलला निघायचे.

त्या दहा-पंधरा मिनिटांत पोलीस काय करतो, यावर त्या घरातल्या बाईचे पुढचे पाऊल अवलंबून असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती आणि त्यांतल्या बहुतेकींनी ती माहेरच्यांकडे मागितली. पोलिसांना फोन करणारी बाई बाकीची दारे ठोठावून झाल्यावर आलेली असते. तिला ‘मिटवून घ्या’ म्हणून वाटेला लावले, तर ती पुन्हा फोन करीलच असे नाही.

असे कॉल हाताळणे हा स्वभावाचा भाग आहे, असे पोलीस खात्यात पुष्कळांना वाटते. हवालदार जुना असला, बोलायला गोड असला की सांभाळून नेतो, असा समज. अनुभवाला किंमत आहेच. पण शिकवलेच नाही तर अनुभवी माणूसही तीच चूक वीस वर्षे करत राहतो. हे काम शिकवता येते, याचा एक जुना आणि आजही अभ्यासण्यासारखा दाखला न्यूयॉर्कचा आहे.

१९६७ साली तिथल्या सिटी कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ मॉर्टन बार्ड यांनी पश्चिम हार्लेममधल्या ३०व्या पोलीस विभागात एक पथक उभे केले. बार्ड स्वतः काही काळ न्यूयॉर्क पोलिसांत होते, त्यामुळे गस्तीवरच्या शिपायाची अडचण त्यांना बाहेरून समजून घ्यावी लागली नाही. पथकात स्वेच्छेने आलेले १८ शिपाई होते, नऊ गोरे आणि नऊ कृष्णवर्णीय. त्यांच्या जोड्या लावल्या आणि सुमारे महिनाभरात १६० तासांचे प्रशिक्षण दिले. नंतर विभागातल्या घरगुती भांडणांच्या कॉलसाठी एक गाडी राखून ठेवली आणि चोवीस तासांत केव्हाही या पथकातली एक जोडी त्या गाडीत असेल, अशी ड्यूटी लावली.

त्या १६० तासांत व्याख्याने होतीच. लक्षात ठेवण्यासारखा भाग मात्र नाटकांचा होता. घरगुती संकटांवर छोटी नाटके मुद्दाम लिहून घेतली होती आणि त्यांना शेवट नव्हता. व्यावसायिक नट भांडण रंगात आणत आणि ते ऐन टिपेला पोचले की पोलिसांची एक जोडी खरोखरच्या कॉलवर आल्यासारखी आत शिरे. तिथून पुढे संहिता संपलेली. पोलीस जसे वागतील तसे नट वागत. आवाज चढवला की समोरचा नट अधिक भडके, बाजूला घेऊन नीट विचारले की दुसरी नटी हळूहळू बोलू लागे. नंतर दुसरी जोडी त्याच नाटकात शिरे आणि शेवट निराळाच होई. मग सगळे बसून काय घडले, का घडले यावर बोलत. आपल्या वागण्याने समोरचे भांडण कसे वळते, हे पोलिसांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. कलमे पाठ करून ही गोष्ट कळत नाही.

पुढच्या पावणेदोन वर्षांहून अधिक काळात या पथकाने साडेनऊशेच्या वर कुटुंबांचे कॉल हाताळले. पथकातला एकही पोलीस या कामात जखमी झाला नाही आणि पथक ज्या कुटुंबांकडे गेले होते त्यांतल्या एकाही घरात खून झाला नाही. प्रयोग लहान होता, एवढ्यावरून सगळे सिद्ध होत नाही. तरी त्याचे नाव झाले आणि अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांनी त्याचे अनुकरण केले.

अनुकरणात एक घोटाळा झाला आणि तो आपल्यासाठीही महत्त्वाचा आहे. बऱ्याच ठिकाणी एवढाच धडा घेतला गेला की घरगुती भांडणात पोलिसाने मध्यस्थी करावी, दोघांना शांत करावे, अटक टाळावी. दोन समान ताकदीच्या माणसांच्या वादात मध्यस्थी चालते. एक मारणारा आणि एक मार खाणारा असेल तिथे मध्यस्थीचा अर्थ मारणाऱ्याला मोकळीक असा होतो. स्त्री संघटनांनी ही टीका सत्तरीच्या दशकातच केली होती. कनेटिकट राज्यातल्या टॉरिंग्टन गावात ती खरी ठरली. ट्रेसी थर्मन हिने विभक्त नवऱ्याच्या धमक्यांबद्दल महिनोन्महिने पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या. १० जून १९८३ रोजी नवरा दाराशी आला, तिने फोन केला आणि पोलीस सुमारे पंचवीस मिनिटांनी पोचला. तोवर तिच्यावर चाकूचे वार झाले होते, आणि पोलीस आल्यानंतरही नवऱ्याने तिच्या डोक्यावर लाथ मारली. तिला कायमचे अपंगत्व आले. तिने शहरावर दावा लावला आणि १९८५ मध्ये ज्यूरीने २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पोलिसांचे वागणे कोर्टात असे महागात पडू शकते, हे त्यानंतर तिथल्या दलांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी कनेटिकटने कौटुंबिक हिंसेसाठी स्वतंत्र कायदा केला.

त्याच सुमारास, १९८१-८२ मध्ये, मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी एक धाडसी चाचणी घेतली. किरकोळ मारहाणीच्या कॉलवर गेल्यावर अटक करायची, मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर काढायचे की नुसती समज द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे आधीच ठरलेले असे. पुढच्या सहा महिन्यांतल्या पोलीस नोंदी तपासल्या, तेव्हा अटक झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के, समज दिलेल्यांपैकी १९ टक्के आणि बाहेर काढलेल्यांपैकी २४ टक्के पुरुषांनी पुन्हा हिंसा केली होती. मग इतर शहरांत चाचण्या झाल्या आणि चित्र गुंतागुंतीचे निघाले. मिलवॉकीत बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत अटकेने हिंसा वाढलेली दिसली. ‘नेहमी अटक’ हेही उत्तर नाही आणि ‘नेहमी समज’ हे तर नाहीच. दारात उभ्या पोलिसाला धोका वाचता आला पाहिजे. प्रशिक्षणाचा गाभा हाच.

धोका वाचायचा कसा? अमेरिकेतल्या परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून झालेल्या खुनांचा अनेक वर्षे अभ्यास करून धोक्याच्या खुणा काढल्या. जिवे मारण्याची धमकी, शस्त्र हाताशी असणे, बाईने घर सोडलेले किंवा सोडायचे ठरवलेले असणे, पाळत ठेवणे, मार दिवसेंदिवस वाढत जाणे, या त्यांतल्या काही. यांत एक खूण सहज नजरेतून सुटते: गळा दाबणे. पूर्वी गळा दाबला गेलेल्या बाईचा त्याच माणसाकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आणि गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसतोच असे नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना त्रास होतो, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात, कधी नकळत लघवी झालेली असते. हे सांगायला बाई लाजते, म्हणून पोलिसानेच विचारायला हवे: ‘ताई, त्यांनी गळ्याला हात लावला होता का? श्वास कोंडला होता का? डोळ्यांपुढे अंधारी आली होती का?’ उत्तर ‘हो’ आले, तर ‘किरकोळ दुखापत’ म्हणून तो कॉल मिटवता येणार नाही. तिला लगेच दवाखान्यात न्यायचे आणि डॉक्टरला द्यायच्या यादीत गळा दाबल्याचे स्पष्ट लिहायचे.

वसईच्या एका तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. सोबत राहणाऱ्या तरुणाने गळा दाबून मारण्याचा प्रयत्न केला आणि तुकडे करून टाकीन अशी धमकी दिली, असे तीत होते. पुढे वाद मिटल्याचे तिने लिहून दिले आणि तक्रार तिथेच थांबली. २०२२ मध्ये तिची दिल्लीत हत्या झाल्याचे उघड झाले आणि त्याच सहचरावर खुनाचा खटला उभा राहिला. ते ठाणे त्या वेळी कसे वागले यावर पुष्कळ बोलले गेले. शिकणाऱ्यांनी मात्र तो अर्ज धोक्याच्या खुणा शोधत वाचावा. एका अर्जात दोन गंभीर खुणा होत्या. बाईने तक्रार मागे घेतली म्हणून त्या खुणा पुसल्या जात नाहीत. बाई तक्रार मागे घेते तेव्हा तिच्यावर दबाव आहे का, हे तिला एकटीला बसवून विचारावे लागते.

आता प्रत्यक्ष दारापाशी. दोघांनी जावे आणि शक्य असेल तर त्यांतली एक महिला पोलीस असावी. दाराच्या चौकटीत उभे न राहता बाजूला उभे राहून बेल वाजवावी आणि आधी आतले आवाज ऐकावेत. आत गेल्यावर दोघांना वेगळे करायचे, एकमेकांना ऐकूही जाणार नाही आणि दिसणारही नाही इतके. पण दोन्ही पोलीस एकमेकांच्या नजरेत हवेत. कोणालाही स्वयंपाकघरात बसवून बोलू नये. विळी, सुरी, लाटणे, गॅस सगळे तिथेच असते. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या एका खोलीच्या घरात वेगळी खोली नसते. तिथे एकाला गॅलरीत, जिन्यावर किंवा गाडीपाशी न्यावे लागते आणि बघ्या शेजाऱ्यांना पांगवावे लागते. लोकांसमोर बाई खरे सांगणार नाही आणि लोकांसमोर नवरा नमते घेणार नाही.

बोलण्यात ‘तुम्ही’ हवे, दोघांशीही. अरेतुरे केले की दारू प्यायलेला माणूस आणखी चिडतो आणि बाईला वाटते, हेही त्याच्यासारखेच. पहिला प्रश्न ‘काय झालं सांगा’ असा मोकळा असावा. ‘तुम्ही त्यांना उलट बोललात का?’ असा नसावा. नवऱ्याने पुढे केलेला चहा घेऊ नये. साधी गोष्ट आहे, पण पोलीस त्याच्या घरात चहा पीत बसलेले बाईला आणि साऱ्या आळीला दिसतात. मुलांकडे लक्ष हवेच. पलंगाखाली किंवा माळ्यावर लपलेले पोर ही नेहमीची गोष्ट आहे. त्याला साक्षीदारासारखे प्रश्न विचारू नयेत, ते सुरक्षित आहे का एवढे पाहावे, आणि गरज पडल्यास चाइल्डलाइनला १०९८ वर कळवावे.

दोघांनाही मार लागलेला असेल तर पोलीस गोंधळतात आणि दोघांवर सारखीच नोंद करून मोकळे होतात. नख लागल्याचे, चावल्याचे व्रण पुष्कळदा स्वतःला सोडवून घेताना झालेले असतात. कोणाला कोणाची भीती वाटते, पूर्वीचे कॉल कोणी केले होते, कोणाची जखम कुठे आहे, हे जुळवून पाहिले की खरा मारणारा बहुधा कळतो.

मग कागद. ठाणे अंमलदाराची सवय अशी की मारहाण, शिवीगाळ, धमकी आली की पूर्वी ३२३, ५०४, ५०६ आणि आता भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२, ३५१(२) लावून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करायची. एनसीचा तपास कोर्टाच्या परवानगीशिवाय होत नाही, हे बाईला ठाऊक नसते. आपली केस झाली असे समजून ती घरी जाते. म्हणून आधी पाहायचे की हे दखलपात्र होते का. हत्यार वापरले असेल तर कलम ११८ आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेसाठी कलम ८५ आहे, जुने ४९८अ. तिथे बाईने किंवा तिच्या नातेवाइकाने माहिती दिली की गुन्हा दखलपात्र ठरतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले आहे. वैवाहिक वादांत थोडी प्राथमिक चौकशी करता येते, पण ‘चौकशी चालू आहे’ म्हणत महिने घालवायला ती सवलत नाही. हद्दीचा प्रश्न आला तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालानंतर सरसकट अटक करता येत नाही, कारणे लिहावी लागतात, अनेकदा नोटीस द्यावी लागते. हे बरोबरच आहे. पण अटक नाही याचा अर्थ काहीच नाही असा होत नाही. माणूस पुन्हा मारील अशी चिन्हे असतील तर ती लिहून ठेवणे हेच अटकेचे कारण होऊ शकते. दखलपात्र गुन्हा घडणारच असे दिसत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली त्याला तात्पुरते ताब्यात घेता येते. हा अधिकार, ज्याला जुने लोक अजून ‘१५१’ म्हणतात, सणासुदीच्या बंदोबस्तात सढळपणे वापरला जातो. घरातल्या बाईसाठी तो तितक्या सहज आठवत नाही, हे दुःखद आहे.

दिवाणी बाजू २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची. त्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसाने बाईला पाच गोष्टी सांगायच्या असतात: संरक्षण आदेशासह इतर दिलाशासाठी अर्ज करता येतो, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, संरक्षण अधिकारी आहे, वकील फुकट मिळतो आणि फौजदारी तक्रारीचा हक्क वेगळा आहे. त्याच कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असले तरी. तेव्हा ‘चार दिवस माहेरी जा’ हा सल्ला देण्यापूर्वी पोलिसाने थांबावे. जाणे सुरक्षित वाटत असेल तर तिने जावे, पण निर्णय तिचा, आणि घर सोडल्याने हक्क जात नाही हेही तिला सांगावे. ठाण्याच्या हद्दीतल्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन छापलेली चिठ्ठी बीट मार्शलच्या खिशात असावी. इतकी लहान, की बाईला ती ब्लाउजमध्ये किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवता येईल.

प्रत्येक कॉल नवरा-बायकोचाच असतो असे नाही. म्हाताऱ्या आईबापांना मारणारा मुलगा, मानसिक आजाराच्या भरात घर डोक्यावर घेणारा तरुण, हेही त्याच नोंदीत येतात. दुसऱ्या प्रकारात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्या व्यक्तीला लॉकअपमध्ये टाकायचे नसते, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे असते. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

महाराष्ट्राला हे सगळे परदेशातून आणायचे आहे असेही नाही. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच इमारतीत बसून काम करू लागल्या. २००५ पासून राज्य सरकारने ही व्यवस्था आपल्याकडे घेतली आणि इतर राज्यांनीही ती उचलली. शेजारच्या मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांवर मोठी चाचणी झाली. काही ठाण्यांत प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे ‘ऊर्जा’ महिला डेस्क बसवले, काहींत नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार डेस्क असलेल्या ठाण्यांत ११ महिन्यांत १,९०५ कौटुंबिक घटना अहवाल आणि ३,३६० प्रथम खबरी जास्त नोंदल्या गेल्या. डेस्कवर महिला पोलीस असेल तिथे प्रथम खबरी अधिक नोंदल्या गेल्या.

तेव्हा प्रशिक्षण घेणाऱ्या अधिकाऱ्याने एक दिवसाच्या व्याख्यानावर भागवू नये. महाराष्ट्रात तर नट शोधायला लांब जावे लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी हौशी मंडळी बहुतेक जिल्ह्यांत आहेत आणि पथनाट्य करणारे गटही आहेत. त्यांच्याकडून शेवट नसलेले तीन प्रसंग बसवून घ्यावेत. एकात बाई ‘काही झालंच नाही’ म्हणत असेल आणि तिचा आवाज घोगरा असेल. दुसऱ्यात पोलीस घरात असतानाच स्थानिक पुढाऱ्याचा फोन येईल. तिसऱ्यात मारणारा नवरा स्वतः पोलीस शिपाई असेल. हा तिसरा प्रसंग वर्गात शांतता पसरवतो आणि म्हणूनच तो वगळू नये. जोडीने आत शिरायचे, बाकीच्यांनी पाहायचे, मग बोलायचे. ठाणे अंमलदारालाही यात बसवावे, कारण दारात केलेले चांगले काम ठाण्यातल्या टेबलावर वाया जाते.

बार्ड यांच्या प्रयोगाचा एक भाग अनुकरणात सर्वांत आधी गळला. प्रशिक्षणाचा महिना संपल्यावरही पथकातले पोलीस दर आठवड्याला तज्ज्ञांबरोबर बसून आपापल्या कॉलची चर्चा करत. आपल्याकडे दर आठवडा जमणार नसेल, तर महिन्यातून एक दुपार राखावी. प्रभारी निरीक्षक, संरक्षण अधिकारी, विशेष कक्षातली समाजकार्यकर्ती आणि त्या महिन्यात घरगुती कॉलवर गेलेले शिपाई यांनी रजिस्टर उघडून बसावे. ज्या पत्त्यावर दुसऱ्यांदा कॉल आला, त्या प्रत्येक नोंदीसमोर पहिल्या वेळी काय केले होते ते वाचावे आणि त्या घरी कोण, कोणत्या दिवशी पुन्हा जाणार, ते नावानिशी लिहावे.